कमलाबाईंचा बटाटा

कमलाबाई सोहोनी यांचं नाव निघालं की एकच गोष्ट सांगितली जाते. बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला आणि त्या हटून बसल्या. गोष्ट खरी आहे, सांगायलाही हवी. पण ती इतक्यांदा सांगून झाली आहे की, आत गेल्यावर या बाईंनी शोधलं काय, हे विचारायचं राहूनच जातं. मला ते विचारावंसं वाटतं. कारण त्यांनी ज्याचा शोध घेतला ते आपल्या ताटात आहे आणि आपल्या देहातही आहे.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. घर विद्येचं. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या त्याच संस्थेत शिकलेले. थोरली बहीण म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवत. एक बहीण लोकसाहित्याच्या रानात शिरली, दुसरी प्रयोगशाळेत. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या, त्याही गुणवत्ता यादीत पहिल्या येऊन. वडील आणि काका जिथे शिकले तिथे आपणही शिकावं, एवढीच त्यांची साधी अपेक्षा होती.

अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष उमेदवारीचं. संचालकांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही. आणि त्यांच्या असण्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान कमलाबाई शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. वर्षभरात रामन यांचं समाधान झालं आणि पुढे संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. गरिबाच्या पानात प्रथिनं कुठून येणार, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या सोबतीला आला.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. माळ आखूड असली की तिला पेप्टाइड म्हणतात. लांब असून घड्या घालून बसली की ते प्रथिन. आपलं पचन, श्वसन, म्हातारपण आणि आजारपण हे सगळं अशाच माळांच्या कामावर चालतं.

१९३७ मध्ये कमलाबाई केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले फ्रेडरिक हॉपकिन्स तिथे होते आणि त्यांच्या विभागात स्त्रियांना मज्जाव नव्हता. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करताना कमलाबाईंच्या हाती बटाटा आला. त्या बटाट्यात त्यांना सायटोक्रोम सी नावाचं छोटंसं प्रथिन सापडलं. प्राण्यांच्या आणि यीस्टच्या पेशी श्वसनासाठी जी यंत्रणा वापरतात, तीच वनस्पतीही वापरतात, असं त्यातून दिसलं. अंगणातलं झाड आणि त्याखाली बसलेला माणूस, दोघांच्या श्वासाची आतली रीत एकच! अवघ्या चौदा महिन्यांत, चाळीसेक पानांचा प्रबंध लिहून त्यांनी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली.

हे सायटोक्रोम सी माणसात १०४ मण्यांचं असतं. अन्नातून ऊर्जा काढताना पेशीत इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिले जातात, त्या रांगेतला हा एक हमाल. अनेक वर्षं त्याची ओळख एवढीच होती. मग १९९६ मध्ये अमेरिकेत शाओदोंग वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, हाच हमाल आपली जागा सोडून पेशीत बाहेर पडला, तर पेशी स्वतःला संपवायच्या तयारीला लागते. निकामी पेशीने वेळेवर जाणं हे शरीराच्या हिताचं असतं. ती जाईनाशी झाली की कर्करोगाला वाव मिळतो. मेंदूतल्या पेशी अवेळी जाऊ लागल्या की पक्षाघात आणि पार्किन्सनसारख्या आजारांत नुकसान वाढतं. वार्धक्याचा अभ्यास करणारे आज ज्या वाटा तपासतात, त्यांतली एक या प्रथिनाजवळून जाते. बटाटा हाती घेणाऱ्या कमलाबाईंना १९३९ मध्ये यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. मूलभूत संशोधनाचा हिशेब असाच असतो. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला अशी मुदत ठेव कधी पाहायला मिळाली नाही.

परदेशात राहणं शक्य असूनही त्या परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा असा प्रवास झाला. १९४७ मध्ये विमागणिताचे तज्ज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईकर झाल्या. गेट वे आणि म्युझियम उभारणाऱ्या जॉर्ज विटेटच्याच आराखड्यावर बांधलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

तिथलं त्यांचं काम तर थेट गिरगावच्या स्वयंपाकघरात पोचणारं. कडव्या वालांत आणि डबल बीमध्ये एक छोटं प्रथिन असतं. ते आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचकरसाला धरून ठेवतं, त्यामुळे कच्च्या दाण्यातली प्रथिनं नीट पचत नाहीत. कमलाबाईंनी एका सहकाऱ्यासह हा अडथळा स्फटिकरूपात वेगळा काढला आणि १९५५ मध्ये नेचर या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. उष्णतेने त्याचा जोर बराच मोडतो. बिरडं नीट शिजवावं, या आजीच्या आग्रहाला असा आधार आहे.

डॉ. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवरही संशोधन केलं. दादरला लोकल पकडण्याआधी आपण घटाघट प्यायचो तीच नीरा. कुपोषित आदिवासी मुलं आणि गर्भवती स्त्रिया यांना तिचा उपयोग होतो, असं त्यांना आढळलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळालं. संस्थेचं संचालकपद मात्र बरंच उशिरा हाती आलं.

निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी सुरू केलेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेत, म्हणजे कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत, त्या काम करत. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षा झाल्या आणि तिच्या कीमत या मासिकात ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. हे मला फार मोलाचं वाटतं. आज तारुण्य परत आणणारी म्हणून पेप्टाइडची इंजेक्शनं विकली जातात. इन्सुलिन हेही ५१ मण्यांचं पेप्टाइडच, पण त्याच्यामागे शंभर वर्षांचा पुरावा उभा आहे. या नव्या बाटल्यांपैकी अनेकींमागे माणसांवरच्या पुरेशा चाचण्या नाहीत. वस्तू घेण्याआधी ती तपासून पाहावी, हेच ती संस्था मुंबईकरांना शिकवत आली.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत गेल्या. रामन यांच्या दारातली गोष्ट आपण मुलींना जरूर सांगावी. मात्र त्या दारातून आत गेलेल्या बाईंनी वाल आणि बटाटा यांतून काय काढलं, तेही त्याच बैठकीत सांगावं. दार उघडण्यासाठी त्या भांडल्या, त्या या कामासाठीच.