अनागारिक धम्मपाल : रोजनिशी आणि जीवितकार्य

अनागारिक धम्मपाल यांचा जन्म १७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबोतील एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. मूळ नाव डॉन डेव्हिड हेवावितारणे. शिक्षण खात्यातील कारकुनी सोडून त्यांनी धम्मकार्याला वाहून घेतले. जानेवारी १८९१ मध्ये ते बोधगयेस आले. महाबोधी विहाराची उपेक्षा पाहून त्यांचे मन व्यथित झाले आणि ते विहार बौद्धांच्या स्वाधीन व्हावे, हेच त्यांचे जीवितकार्य ठरले. त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापन केली.

या कार्याला अखंड सोबत होती ती रोजनिशीची. प्रवास, पत्रव्यवहार आणि देणग्यांबरोबरच ध्यानसाधना व मनाची घालमेलही ते तीत नोंदवीत. अनेक दशके चाललेले हे लेखन म्हणजे स्वतःच्या चित्ताची नित्य तपासणीच होती. कोर्टकचेऱ्या झाल्या, निराशा पदरी आली. १९१५ मध्ये धाकटे बंधू तुरुंगात मरण पावले. तरीही कार्य थांबले नाही.

१९३१ मध्ये सारनाथला त्यांनी उभारलेल्या मूलगंधकुटी विहाराचे उद्घाटन झाले. १९३३ मध्ये भिक्खूसंघात उपसंपदा घेऊन २९ एप्रिल रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. बोधगयेच्या व्यवस्थापनात बौद्धांना वाटा मिळाला तो १९४९ च्या कायद्याने, आणि तोही अर्धाच. फळ हाती न येताही कार्य कसे करीत राहावे, हे त्यांच्या चरित्रातून शिकावे. आपल्या विद्यार्थ्यांनी निजण्यापूर्वी दिवसाचा प्रामाणिक हिशेब चार ओळींत मांडला, तरी त्या वाटेवरचे पहिले पाऊल पडेल.