पंडिता रमाबाई : पारखून घेतलेली श्रद्धा

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या नामपूरला कांद्याचा लिलाव तुम्ही बघितलाच असेल. शेतकऱ्याने कितीही कौतुक सांगितलं तरी व्यापारी कांदा हातात घेतो, दाबून बघतो आणि मगच बोली लावतो. कांद्याला एवढी पारख लागते, तर श्रद्धेला नको का? हा प्रश्न जन्मभर स्वतःला विचारणाऱ्या एक विदुषी महाराष्ट्रात होऊन गेल्या. त्यांचं नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाला. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरायचं. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि दोनच वर्षांत तेही गेले. पदरात लहानगी मनोरमा होती.

एवढी दुःखं सोसलेलं माणूस जो कोणी आधार देईल त्याच्या मागे जातं, नाही का? रमाबाईंचं तसं झालं नाही. १८८३ मध्ये त्या डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या, पण कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता बाई आपलं सगळं निमूट ऐकेल, असं तिथल्या धर्मगुरूंना आणि सिस्टरांना वाटलं असेल. पण रमाबाई प्रत्येक शिकवणीवर प्रश्न विचारायच्या. हे बायबलमध्ये कुठे आहे, ते दाखवा, असा त्यांचा आग्रह. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरायला त्या तयार नव्हत्या. ज्यांच्या घरी राहायचं, ज्यांचा आधार घ्यायचा, त्यांच्याशीच हा वाद होता. सोपं नव्हतं ते!

आणखी एक गंमत बघा. बाप्तिस्मा होऊन कित्येक वर्षं झाल्यावर त्यांनी स्वतःच कबूल केलं, की आपण धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्ताची ओळख अजून व्हायची होती. मनाला बरं वाटतं म्हणून त्या थांबल्या नाहीत. वाचत राहिल्या, शोधत राहिल्या.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं. पुढे दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली आणि विधवा त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. तेच मुक्ती मिशन. १९०५ मध्ये तिथे मोठी धार्मिक जागृती झाली. मुली रडू लागल्या, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. काहींनी नाकं मुरडली. रमाबाईंनी मात्र ते रडणं दाबलं नाही. आपल्या बायकांनी आपल्या पद्धतीने देवापुढे मन मोकळं करावं, असंच त्यांना वाटायचं.

पण मित्रांनो, त्या नुसत्या अश्रूंवर विसंबल्या नाहीत. रडणं ओसरल्यावर या मुलींच्या हाती काय उरणार? त्यासाठी त्यांनी कामच हाती घेतलं. आधीच्या मराठी बायबलची भाषा साध्या बायकांना जड जायची. म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. वर्षानुवर्षं हे काम चाललं. केडगावच्या छापखान्यात मुली स्वतः खिळे जुळवायच्या. जी बाई काल निरक्षर होती, तिने उद्या स्वतः वाचून खरंखोटं ठरवावं, हा त्यामागचा हेतू.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक. आईचं काळीज फाटलं नसेल का? तरीही रमाबाईंनी काम सोडलं नाही. अनुवाद पुरा केला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

तुमच्यापैकी काही जण चर्चला जात असतील, काही देवळात, काही मशिदीत. गाणं ऐकून अंगावर काटा येतो, डोळे भरून येतात. त्यात वाईट काहीच नाही. पण घरी आल्यावर एकदा तरी ग्रंथ उघडा आणि मघाशी जे ऐकलं ते खरंच तिथे आहे का, ते बघा. रमाबाईंनी हेच केलं. तुम्ही कराल ना?