घरच्या गोष्टींचा छायाचित्रकार

धुंडिराज गोविंद फाळके हे नाव उच्चारले की 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक' हे बिरूद पाठोपाठ येतेच. सामान्यज्ञानाच्या पेपरात एका गुणाला तेवढे पुरते. मला मात्र दादासाहेबांकडे एक छायाचित्रकार म्हणून पाहावेसे वाटते. लहानपणी कानांनी ऐकलेले डोळ्यांना कसे दाखवता येईल, या एकाच ध्यासाने त्यांचे सारे आयुष्य व्यापले होते.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. अशा घरात राम, कृष्ण, हरिश्चंद्र ही पोथीतली माणसे राहत नाहीत. ती नात्यागोत्यातलीच होऊन जातात. आमच्याकडे श्रावणात आजी हरिविजय लावीत असे, तेव्हा कालियाचा डोह मला आमच्या मार्कंडेय नदीपेक्षा अधिक परिचयाचा होता. त्र्यंबकच्या शास्त्र्याच्या मुलाचे याहून वेगळे काय असणार?

वडील विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि कुटुंब मुंबईस आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटोचा स्टुडिओ थाटला. पण १९०० च्या सुमारास प्लेगने पत्नी आणि मूल दोन्ही नेले. बडोद्यात पुन्हा दुकान मांडले, तर कॅमेरा माणसाचे सत्त्व शोषून घेतो अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक फिरकेना. मध्यंतरी ते जादूचे प्रयोगही करीत. 'फाळके' उलटे करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव त्यांनी घेतले होते. ही जादू पुढे फार उपयोगी पडली, हे ध्यानात ठेवावे.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यातील नोकरी स्वदेशीच्या चळवळीत सोडून दादासाहेब छपाईच्या धंद्यात शिरले. लोणावळ्याजवळ राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. घरोघरच्या भिंतींवर ज्या लक्ष्मी-सरस्वती लागल्या, त्या याच छापखान्यातल्या. पुराणातली गोष्ट हजारो घरांत चित्ररूपाने कशी पोहोचते, याचा धडा त्यांना येथे मिळाला असावा. पुढे स्वतःचा छापखाना काढला, जर्मनीस जाऊन यंत्रे पाहिली, आणि भागीदारांशी बिनसल्यावर सगळे सोडून दिले.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील एका तंबूत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या मनःचक्षूंपुढे गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. मग रात्रंदिवस चित्रपट पाहण्याचा सपाटा. इतका की दृष्टी जाण्याची वेळ आली. डोळे सावरताच विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. भांडवलवाल्यांना पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, महिनाभर थोडीथोडी फिल्म घेतली आणि रोप मिनिटा-दोन मिनिटांत वाढताना दाखवले. तरीही पैसा कमी पडला, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट कारखान्यात झाला नाही, घरात झाला. त्या काळी फिल्मला कडेची भोके स्वतःच पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई रात्री अंधारात करीत. दिवसा मंडळींचा स्वयंपाक, आणि चित्रण चालू असता ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणेही त्यांच्याकडेच. बायका कामास मिळेनात, म्हणून एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला थोरला मुलगा भालचंद्र. चित्रणाच्या वेळी तो दगडावर पडून बेशुद्ध झाला आणि वडिलांनी त्याच अवस्थेत रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग उरकून घेतला, असे सांगतात. पुष्कळ जण ही हकीकत कौतुकाने सांगतात; मला ती तशी सांगवत नाही. एका गोष्टीपायी घराला काय काय द्यावे लागले, तेच तीत दिसते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. १९१७ च्या 'लंकादहना'त तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या, आणि पडद्यावर राम येताच प्रेक्षक हात जोडू लागले.

मला सर्वांत प्रिय आहे तो १९१९ चा 'कालियामर्दन'. त्याचा बराच भाग सुदैवाने टिकला आहे. मी तो पाहिला तेव्हा कालियापेक्षा आरंभच मनात राहिला. पडद्यावर प्रथम येते ती दादासाहेबांची चिमुरडी मंदाकिनी, साध्या घरच्या वेषात. ती हसते, रुसते, चिडते. नुसत्या चेहऱ्याची गंमत. आणि पाहता पाहता तीच मुलगी मोरपिसाचा मुकुट घातलेला कृष्ण होऊन जाते. एका चित्रात दुसरे विरघळवण्याची ही युक्ती. प्रोफेसर केळफाच ती! पण येथे तिने फसवणूक होत नाही. आधी आपली पोर दाखवायची आणि मग तिच्यातला कृष्ण. आजीने गोष्ट सांगताना आमच्याही घरात हेच होई. लोण्याची वाटी सांडणाऱ्या धाकट्याकडे बोट दाखवूनच ती गोकुळात शिरे.

१९१८ पासून मात्र भागीदारांची कंपनी होती. मतभेद झाले, दादासाहेब राजीनामा देऊन काशीस गेले, तेथे नाटक लिहिले, पुन्हा परतले. पुढचे चित्रपट संख्येने पुष्कळ आहेत. पण पहिल्या सहा-सात वर्षांतले तेज पुढे फारसे उरले नाही, असे मला वाटते. मग बोलपट आला. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला आवाज मागाहून चिकटवावा लागला. अखेरचा 'गंगावतरण' १९३७ साली आमच्या शेजारच्या कोल्हापुरात झाला. तेथे स्टुडिओ होता, पगारी मंडळी होती, आणि दादासाहेब सदुसष्ट वर्षांचे होते. सात वर्षांनी, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, ते नाशिकला वारले.