पन्नालाल घोष आणि बासरीचे सातवे रंध्र

भारतीय भाषांतील भक्तिकाव्यात वेणुनादाइतका सर्वत्र आढळणारा दुसरा ध्वनी क्वचितच असेल. मराठी संतांच्या गौळणी असोत वा बंगालमधील वैष्णव पदावली, कृष्णाच्या मुरलीवाचून त्यांचे विश्व पुरे होत नाही. तथापि काव्यात एवढा मान लाभलेल्या या वाद्याला हिंदुस्थानी रागसंगीताच्या मैफलीत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वतंत्र आसन नव्हते. दक्षिणेत हे स्थान कुंभकोणमचे शरभशास्त्री यांनी त्या शतकाच्या आरंभीच बासरीला मिळवून दिले होते. उत्तरेत ते कार्य पन्नालाल घोष यांच्या हातून घडले.

पन्नालालांचा जन्म १९११ साली पूर्व बंगालमधील बारिसाल येथे झाला. मूळ नाव अमलज्योती. वडील अक्षयकुमार सतार वाजवीत. धाकटे बंधू निखिल पुढे तबलावादक म्हणून विख्यात झाले. तरुणपणी पन्नालालांना संगीताइतकीच व्यायामाची व मुष्टियुद्धाची आवड होती. कलकत्त्यास आल्यावर त्यांनी खुशी महंमद खाँ व गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे तालीम घेतली. १९३८ साली सराईकेलाच्या छाऊ नृत्यमंडळाबरोबर ते युरोपात जाऊन आले आणि १९४० मध्ये मुंबईस स्थायिक झाले. ‘बसंत’ (१९४२) या चित्रपटाचे संगीत त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या पत्नी पारुल घोष या पार्श्वगायिका आणि संगीतकार अनिल विश्वास यांच्या भगिनी.

चित्रपटसृष्टीत चरितार्थाची सोय झाली तरी त्यांचा खरा प्रश्न निराळाच होता. बासरीवर ख्याल गाता येईल काय, हा तो प्रश्न. त्यासाठी त्यांनी बांबूखेरीज धातू आदी अन्य द्रव्यांच्या बासऱ्याही करून पाहिल्या. अखेर ते बांबूकडेच परतले व सुमारे ३२ इंच लांबीची, रुंद नळीची बासरी त्यांनी सिद्ध केली. आलापाला आवश्यक असलेला गंभीर मंद्र नाद तिच्यातून मिळू लागला.

परंतु लांबीने सर्व अडचणी दूर होणार नव्हत्या. सहा रंध्रांच्या बासरीत वरची तीन रंध्रे झाकली असता षड्ज मिळतो. सर्व झाकली की मंद्र पंचम आणि सर्व उघडली की तीव्र मध्यम. त्याच्या लगतचा मध्य पंचम हवा असल्यास सहाही रंध्रे पुन्हा झाकून फुंकीचा जोर वाढवावा लागतो. म्हणजे स्वरमालेत शेजारी असलेले हे दोन स्वर बोटांच्या मांडणीत मात्र दोन टोकांना पडतात. यमनसारख्या रागात गायकाचा गळा तीव्र मध्यमावरून पंचमावर सहज सरकतो; बासरीवर नेमका तेथेच सांधा उघडा पडे.

पन्नालालांनी खालच्या टोकाकडे सातवे रंध्र पाडले व ते करंगळीकडे सोपविले. सातही रंध्रे झाकली की मंद्रातील तीव्र मध्यम निघतो. फुंक तीव्र केली की तोच मध्य सप्तकात येतो. आणि करंगळी हळूहळू दूर करताच पंचमापर्यंत अखंड मींड साधते. एकच स्वर दोन मांडण्यांनी उपलब्ध झाला. यांपैकी कोणती योजावयाची हे त्या स्वराची उंची ठरवीत नाही. तो कोठून आला व कोठे जाणार, यावरून ते ठरते.

तार सप्तकात हाच प्रश्न अधिक बिकट होतो. दोन्ही टोकांस खुल्या असलेल्या नळीत फुंक वाढवीत गेल्यास मूळ नादाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर मिळतात. मंद्र पंचमाच्याच मांडणीतून म्हणून मध्य पंचम, तार ऋषभ आणि तार पंचम निघू शकतात. सर्वांत वरचे रंध्र नळीच्या मध्याजवळ येत असल्याने ते किंचित उघडले असता तार पंचम अधिक सुलभपणे उमटतो. मात्र असे पर्यायी स्वर जरा चढे वा उतरे लागतात व ओठांनी सावरावे लागतात. लांब बासरीवर हे श्रम आणखी वाढतात. मंद्राची समृद्धी पन्नालालांनी ही किंमत देऊन स्वीकारली होती.

१९४७ साली त्यांनी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. मुंबईहून जबलपूर व कटनीवरून पुढे जाणाऱ्या लोहमार्गावर मैहर लागते. महाकोशलच्या सीमेलगतच्या त्या लहानशा संस्थानी गावात पन्नालाल काही महिने गुरूजवळ राहिले. छत्तिशी गाठलेला, नाव मिळविलेला कलावंत तेथे पुन्हा विद्यार्थी झाला. वाद्याची रचना त्यांनी स्वतःच सिद्ध केली होती. त्या वाद्यावर राग कसा उभा करावा, याचे शिक्षण मैहरने दिले.

१९५६ मध्ये ते आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक म्हणून दिल्लीस गेले. तेथेच २० एप्रिल १९६० रोजी, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. दीपावली, चंद्रमौळी, नूपुरध्वनी हे राग त्यांच्या निर्मितीपैकी होत.

सातवे रंध्र मात्र सर्वमान्य झाले नाही. देवेंद्र मुर्डेश्वर आणि व्ही. जी. कर्नाड या शिष्यांनी ती परंपरा मुंबईत जोपासली. उलट हरिप्रसाद चौरसिया यांनी सहा रंध्रांच्याच बासरीवर जगभर कीर्ती मिळविली. त्यामुळे सातव्या रंध्रावाचून रागविस्तार अशक्य होता, असे म्हणता येणार नाही. पण ३२ इंचांची लांब बासरी मैफलीत घेऊन बसण्याचा प्रघात दोन्ही परंपरांना पन्नालालांकडूनच मिळाला, याविषयी मतभेद संभवत नाही.