प्रोफेसर जोसेफ हेन्री यांचें चरित्र

विजेचें बटण बंद करितांना आंत बारीक ठिणगी उडालेली आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. प्रवाह चालू असतां कांहीं दिसत नाहीं, आणि तो तोडतांनाच ठिणगी कां उडावी? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं प्रथम प्रसिद्ध केलें, त्या गृहस्थांचें चरित्र आज थोडक्यांत देत आहों.

जोसेफ हेन्री यांचा जन्म 17 डिसेंबर 1797 रोजीं अमेरिकेंत आल्बनी शहरीं झाला. घराणें मूळचें स्कॉटलंडांतील, प्रेस्बिटेरियन मंडळीचें, व स्थिति गरिबीची. लहानपणींच त्याला गॉलवे नांवाच्या खेड्यांत आजीकडे पाठविलें. शाळेंत त्याचें मन रमत नसे. एके दिवशीं त्याचा पाळलेला ससा निसटून देवळाच्या पायाच्या भगदाडांत शिरला. मुलगा मागोमाग सरपटत गेला, तों वरच्या फळींच्या फटींतून उजेड दिसला. फळी सारून वर येतो तों खोलींत पुस्तकांचीं कपाटें! तेथें हातीं लागलेल्या कादंबरीनें त्याला वाचनाची गोडी लाविली. ही गोष्ट हेन्री पुढें स्वतः सांगत असत.

तेराव्या वर्षाच्या सुमारास तो घड्याळें व चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवार राहिला. मग त्याला नाटकांचा नाद लागला. सोळाव्या वर्षीं आजारी असतांना, घरीं राहणाऱ्या एका भाडेकऱ्याचें सृष्टिशास्त्रावरील पुस्तक त्यानें सहज उघडिलें. वर फेंकलेला दगड खालीं कां येतो, असले प्रश्न त्यांत होते. नाटकें तेथेंच सुटलीं. 1819 सालीं तो आल्बनी अॅकॅडमींत शिकूं लागला, आणि 1826 त तेथेंच प्रोफेसर झाला.

इंग्लंडांतील स्टर्जन यांनीं लोखंडी नालाभोंवतीं उघडी तार गुंडाळून विद्युत्-चुंबक केला होता. परंतु वेढे एकमेकांस लागल्यास प्रवाह आडवाटेनें जाई, म्हणून ते विरळ ठेवावे लागत. हेन्री यांनीं तारेलाच रेशीम गुंडाळिलें व वेढ्यावर वेढे दाट घातले. (त्यासाठीं पत्नीचा रेशमी परकर फाडला, अशी आख्यायिका आहे.) 1831 सालीं येल कॉलेजाकरितां केलेल्या त्यांच्या चुंबकानें 2,063 पौंड वजन उचलिलें.

त्याच साली लंडनांत मायकेल फॅरडे यांनीं चुंबकापासून वीज उत्पन्न केली. हेन्री यांसही तेंच स्वतंत्रपणें आढळलें होतें. पण दिवसांतून सात तास शिकवावें, आणि मोठी खोली प्रयोगास मिळावी ती केवळ सुटींत! लेख मागें राहिला व मान फॅरडे यांस गेला. अखेर जुलै 1832 त लेख छापला, तेव्हां त्यांत एक नवीच गोष्ट होती. लहान घटाला आंखूड तार जोडून ती तोडली तर ठिणगी दिसत नाहीं. तीस-चाळीस फूट लांब तार असल्यास स्वच्छ दिसते. आणि तिचें वेटोळें केल्यास अधिकच प्रखर होते. फॅरडे ह्या गोष्टीपर्यंत 1834 त पोहोंचले.

ह्याचें कारण असें. प्रवाहामुळें वेटोळ्याभोंवतीं चुंबकशक्ति उत्पन्न होते. प्रवाह तोडला म्हणजे ती ओसरते, आणि ओसरतांना त्याच तारेंत प्रवाह पुढें रेटते. हा रेटा तुटलेल्या जागेंतील हवाही ओलांडतो. चालू करितांना उलट ती प्रवाहास अडविते. भरलेली गाडी हालवितांना बैलांस जोर लागतो, आणि चालती गाडी थांबवितांनाही लागतो, तसेंच हें. ह्यास स्वप्रवर्तन म्हणतात. वेटोळ्याची लांबीरुंदी तीच ठेवून वेढे दुप्पट केले तर हा गुण चौपट होतो. आंत लोखंड घातल्यास पुष्कळच वाढतो. मोटारीच्या एंजिनांतील ठिणगी व जुन्या ट्यूबलाइटचा चोक हीं ह्याच गुणाचीं कामें.

1832 त ते प्रिन्स्टन येथें गेले. तेथें सॅम पार्कर नांवाचा काळ्या वर्णाचा स्वतंत्र मनुष्य त्यांच्या प्रयोगशाळेंत मदतनीस होता व हेन्री त्याच्यावर फार विसंबून असत. तरीही 1862 सालीं, वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेचे चिटणीस असतांना, गुलामगिरीविरुद्ध झगडणारे फ्रेडरिक डग्लस यांस संस्थेच्या सभागृहांत व्याख्यान देऊं द्यावयास त्यांनीं नकार दिला. ते काळ्या वर्णाचे, हेंच कारण. चरित्र लिहितांना हें झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

चिटणीसाचें पद त्यांस 1846 त मिळालें होतें. तारायंत्रानें गांवोगांवचें हवामान एकत्र करण्याची व्यवस्था त्यांनीं लाविली. आपल्या शोधांचें पेटंट मात्र घेतलें नाहीं. मोर्स यांनीं त्याच ज्ञानावर तारायंत्र उभारून पुढें त्यांच्यावरच आरोप केले. जानेवारी 1865 च्या आगींत त्यांचे पुष्कळ कागद जळाले. तरी 1875 सालीं अलेक्झांडर ग्रॅहम बेल हा तरुण आपली कल्पना घेऊन आला, आणि विजेचें पुरेसें ज्ञान नसल्याचें म्हणाला, तेव्हां ह्या वृद्ध गृहस्थांनीं तें मिळविण्यास सांगून त्याला धीर दिला.

13 मे 1878 रोजीं वॉशिंग्टन येथें ते निवर्तले. 1893 सालीं शिकागो येथें भरलेल्या विद्युत्-परिषदेनें स्वप्रवर्तनाच्या मापास हेन्री हें नांव दिलें.