बर्फाच्या देशातील संशोधक

आल्फ्रेड वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात झाला. पृथ्वीवरील खंड एकेकाळी जोडलेले होते व नंतर हळूहळू दूर सरकले, हा विचार त्यांनी १९१२ साली मांडला. त्यामुळे त्यांचे नाव जगभर प्रसिद्ध झाले. फार पूर्वी पृथ्वीचे हवामान कसे होते, या प्रश्नाचाही त्यांना ध्यास होता. या विषयावर त्यांनी आपले सासरे व्लादिमिर कोपेन यांच्याबरोबर १९२४ साली एक ग्रंथ लिहिला.

ग्रीनलंड हे उत्तर ध्रुवाजवळचे प्रचंड बेट आहे. त्याच्या मध्यभागी पडलेले हिम सहसा वितळत नाही. दरवर्षी जुन्या थरावर नवा थर बसतो. या बेटाच्या अभ्यासासाठी वेगेनर चार वेळा तेथे गेले.

१९३० साली ते शेवटच्या मोहिमेचे प्रमुख होते. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, बर्फावर एक केंद्र उभारले होते. तेथे गेओर्गी व झोर्गे हे दोन शास्त्रज्ञ राहत होते. हिवाळा जवळ आला, पण त्यांच्याकडे पुरेसे अन्न व इंधन पोहोचले नव्हते. म्हणून वेगेनर स्वतः कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. त्यांच्याबरोबर लोवे नावाचे शास्त्रज्ञ व ग्रीनलंडचे तेरा रहिवासी होते. भयंकर थंडीमुळे बारा जण वाटेतून परतले. फक्त रास्मुस विलुमसेन हा तरुण पुढे आला.

चाळीस दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, तिघे केंद्रावर पोहोचले. वाटेत तापमान शून्याखाली ५० अंशांपेक्षाही खाली गेले होते. लोवे यांच्या पायांची बोटे गोठली होती. त्यांना तेथेच राहणे भाग होते. पण तेथील अन्न पाच जणांना पुरणारे नव्हते. म्हणून वेगेनर व रास्मुस १ नोव्हेंबरला परत निघाले. त्या दिवशी वेगेनर यांचा पन्नासावा वाढदिवस होता. ते किनाऱ्यावर पोहोचलेच नाहीत. मे १९३१ मध्ये त्यांचा मृतदेह बर्फात सापडला. रास्मुसने तो नीट पुरून वर खूण केली होती. रास्मुस मात्र कधीच सापडला नाही.

केंद्रावरचे तिघे जगले. त्या हिवाळ्यात झोर्गे यांनी १५ मीटर खोल खड्डा खणला आणि वर्षावर्षाचे थर तपासले. पुढे शास्त्रज्ञ यंत्राने बर्फात खोल छिद्रे पाडून त्याचे लांब दंडगोल बाहेर काढू लागले. १९६६ साली ग्रीनलंडमध्ये असे छिद्र १,३८७ मीटर खोल, बर्फाच्या तळापर्यंत गेले. बर्फातील जड ऑक्सिजनच्या प्रमाणावरून जुने तापमान समजते. त्यात अडकलेल्या बुडबुड्यांत त्या काळची हवा असते. अंटार्क्टिकातील बर्फाने आठ लाख वर्षांचा इतिहास सांगितला. त्या जुन्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड ३०० भागांच्या आतच होता. आज तो ४२० भागांहून अधिक आहे.

बर्फाने दिलेला हा इशारा आज सारे जग ऐकत आहे. त्यासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांत वेगेनर यांच्याइतकेच रास्मुसचेही नाव लक्षात ठेवले पाहिजे.