पहिल्या नंबराच्या पलीकडे

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी टक्क्यांचा हिशेब सुरू होतो. बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केली, पण आपल्या मनातली यादी काही बंद झालेली नाही. शेजारच्याला किती, मावसभावाला किती, हे पाहिल्याशिवाय आपल्या मुलाच्या पेढ्यांना गोडी येत नाही. परीक्षेत जो पुढे, तो आयुष्यातही पुढेच जाणार, असे आपण गृहीत धरून चालतो. हे गृहीतक तपासून पाहायचे, तर चिंतामणराव देशमुखांच्या आयुष्यासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपण गेले रोह्याला. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. एल्फिन्स्टनमधून ते केंब्रिजला गेले. तिथे निसर्गविज्ञानांचा अभ्यास केला आणि वनस्पतिशास्त्रातले पारितोषिक मिळवले. १९१८ साली लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक त्यांचाच.

इथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. वडील वकील होते, घरात विद्येची कदर होती, मुलाला विलायतेला पाठवण्याची सोय होऊ शकली. तितक्याच बुद्धीची किती मुले त्या काळी कोकणातल्या खेड्यांत गुरे राखत राहिली असतील, याची नोंद कुठल्याही विद्यापीठाकडे नाही. गुणांना आधी परीक्षेच्या दारापर्यंत पोचावे लागते, आणि तो रस्ता सगळ्यांना सारखा नसतो.

मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यांनी जवळजवळ वीस वर्षे सरकारी नोकरी केली. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवर गव्हर्नर म्हणून भारतीय माणसाची सही आली ती तेव्हा. बँकेच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्यांना त्या सहीचे मोल निराळे सांगायला नको. १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. १९४९ साली रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. १९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले, १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १९५५ साली, आणि आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला तो १९५६ च्या जानेवारीत.

इथवरची गोष्ट ऐकली की पालक समाधानाने मान डोलावतील. पहिला नंबर, मोठी नोकरी, त्याहून मोठी खुर्ची. पण चिंतामणरावांची खरी कसोटी लागली ती यानंतर, आणि तिला अभ्यासक्रम नव्हता.

१९५६ च्या आरंभी मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या अखत्यारीत ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. रस्त्यावर लोक उतरले, गोळीबार झाले, माणसे मेली. मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता हा निर्णय झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हा चिंतामणरावांचा आक्षेप होता. नेहरूंशी त्यांचा स्नेह होता. १९५३ साली दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा नेहरू साक्षीदार होते. तरीही त्यांनी राजीनामा दिला आणि जुलैमध्ये लोकसभेत आपली बाजू स्पष्ट शब्दांत मांडली. महाराष्ट्र राज्य व्हायला पुढे चार वर्षे लागली, पण मराठी माणसाने तो राजीनामा विसरला नाही.

पद गेले, काम थांबले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. १९५९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मॅट्रिकला गुण मिळवून देणारे संस्कृत त्यांनी गुणांसाठी केले नव्हते. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले.

१९६९ साली ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. व्ही. व्ही. गिरी निवडून आले, संजीव रेड्डी दुसरे आणि चिंतामणराव तिसरे. परीक्षांत पहिल्या क्रमांकाची सवय असलेला हा माणूस इथे मागे राहिला. राजकारणाची तुला निराळी. तिथे पक्षांची बेरीज चालते, उत्तरपत्रिका कोणी तपासत नाही. त्या पराभवाने त्यांचे मोठेपण तसूभरही कमी झाले नाही. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले.

तेव्हा गुणांना किंमत नाही, असे मुलांना खोटे सांगू नये. रोह्याचा मुलगा रिझर्व्ह बँकेत पोचला, त्यात गुणांचा वाटा मोठा होता. पण खुर्ची मिळवायला लागणारी बुद्धी आणि ती सोडायला लागणारा कणा, या दोन गोष्टी वेगळ्या. पहिलीसाठी शाळा आहेत, शिकवण्या आहेत. दुसरीचे धडे मूल घरीच गिरवते, आपल्याकडे पाहत.